बेल्ट डिक्कीतच होता

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवडमधल्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा-बायको मिळून एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय करतात. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुण्याची कामंही घेतात. कामाला सात मुलं, बहुतेक गावाकडची आणि ओळखीतली. मे महिन्यात त्यातला एक बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या मजल्यावरून एसीचं बाहेरचं युनिट, म्हणजे आउटडोअर, उतरवताना पडला. एक पाय छज्ज्यावर, एक जुन्या स्टँडवर होता. स्टँडचे बोल्ट भिंतीतून निघाले. मांडीचं हाड मोडलं, टाचेचा चुरा झाला. सेफ्टी बेल्ट स्कूटरच्या डिक्कीत होता. दवाखान्याचं बिल ताईंनी सोनं गहाण ठेवून भरलं, दोन महिने निम्मा पगारही दिला. डॉक्टर म्हणतात, टाच पूर्वीसारखी होणार नाही. मुलाचे मामा 'पुढं काय?' विचारून गेले, ते ताईंच्या जिव्हारी लागलं. मालकांचं, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचं, म्हणणं असं की मुलं पगारी नाहीत, कामावर पैसे घेतात. बेल्ट दिला होता, त्यानं लावला नाही. आता सगळ्यांकडून 'माझ्या जबाबदारीवर काम करतो' असं स्टँपपेपरवर लिहून घेऊ. त्यातच हिंजवडीतल्या एका कंपनीचं वर्षभराचं काम मिळतंय आणि ती विम्याचे कागद मागतेय. एजंटनं स्वस्तातली अपघात पॉलिसी सुचवली आणि जाता जाता 'जुना अपघातही त्यात बसवून देतो' असं म्हणाला. ताई विचारतात, 'पोटच्या पोरासारखं सांभाळलं त्याला. आता विमा, अटी, सह्या आणल्या तर नात्यात व्यवहार नाही का येणार? आणि मामांना काय सांगू?'

ताई,

मामांपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी त्यांच्यावर आहेत. आम्ही एवढं केलं तरी हे विचारायला आले, असा तुमचा सूर आहे. पण त्यांनी विचारलं काय? पुढं काय, एवढंच. ज्या मुलाचं पोट शिडीवर चढण्यावर आहे त्याची टाच गेली, तर त्याच्या घरचं कुणीतरी हे विचारणारच. तुमचा स्वतःचा मुलगा दुसऱ्याकडे कामाला असता तर तुम्हीही गेला असता, आणि बहुधा मामांपेक्षा चढ्या आवाजात बोलला असता.

बिल 'माणुसकी म्हणून' भरलं, असं तुम्ही लिहिलंय. सोनं गहाण ठेवून भरलंत, त्याचं मोल कमी नाही. मात्र ते बिल मुळात तुमचंच होतं. कामावर असताना झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा, ही तरतूद १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनं आली. तो जुना कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदललं, पण मालकाच्या जबाबदारीची चौकट तीच राहिली. उपचाराचा खर्च भरपाईत वळताही करता येत नाही. 'बिल आम्हीच भरलं ना, मग फिटलं' असा हिशेब इथे चालत नाही.

निम्मा पगार दिलात तेही कायद्याशी नेमकं जुळतं. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के द्यायचे असतात. तुमच्या आकड्याप्रमाणे त्याला महिन्याला सरासरी १४,००० पडत होते, म्हणजे पंधरवड्याला ३,५००. तुम्ही मनानं दिलेला आकडा बरोबर निघाला, फक्त तिसऱ्या महिन्यात थांबलात. तो अजून कामावर आलेला नसेल तर ते पैसे थांबवायला नको होते.

माझा मुद्दा एवढाच आहे, ताई. त्याच्या हक्काचं देणं तुम्ही उपकार म्हणून दिलंत. त्यामुळे त्याला मागायची चोरी झाली, आणि कुणी मागितलं की तुम्हाला दुखतं. मामा कृतघ्न नाहीत आणि तुम्ही कंजूष नाही. दोघांच्या मध्ये आकडा नाही, म्हणून सगळं मनावर येतंय.

तर आकडा बघू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई म्हणजे महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले तोच गुणांक. हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरायचं, असं जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं ठरलं. बाविसाव्या वर्षाचा गुणांक २२१.३७ आहे. १४,००० वेतनावर पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,५९,५०८ येते आणि मृत्यूची १५,४९,५९०. तुमच्या मुलाचं अपंगत्व अंशतः आहे. त्यात कमाईची क्षमता जितके टक्के घटली तितका हिस्सा द्यायचा. डॉक्टरांनी २० टक्के लिहिले तर सुमारे ३ लाख ७२ हजार. टाचेचं वैद्यकीय अपंगत्व कागदावर कमी दिसतं, पण चढ-उतार हेच ज्याचं काम त्याची कमाई जास्त घटते, आणि हिशेब कमाईचा असतो. रक्कम देय झाल्यावर महिनाभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. विनाकारण रखडवली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही.

आता मालकांचे दोन मुद्दे.

मुलं पगारी नाहीत, कामावर पैसे घेतात. पण सकाळी कुठल्या सोसायटीत जायचं हे तुम्ही सांगता. ड्रिल, जेट पंप, गॅसचा सिलिंडर तुमचा. टीशर्टवर नाव तुमचं, ग्राहकाचे पैसे तुमच्या खात्यात. भांडण उद्भवलं तर एवढं बघितलं जातं, रजिस्टरमध्ये तुम्ही त्याला काय म्हणता ते नाही. आणि स्टँपपेपरचं म्हणाल तर भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार कायद्यानं मुळातच रद्दबातल असतो, मग तो शंभराच्या कागदावर असो की पाचशेच्या. उलट असा कागद तुमच्याच अंगाशी येतो. धोका आहे हे मालकाला ठाऊक होतं, याचा तो पुरावाच ठरतो.

दुसरा मुद्दा बेल्टचा. हा बचाव कायद्यात आहे, पण अगदी अरुंद आहे. सुरक्षेचा स्पष्ट हुकूम दिला होता आणि कामगारानं तो जाणूनबुजून मोडला, हे मालकाला दाखवावं लागतं. कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर हा बचाव उपयोगाचाच नाही. तुम्ही हुकूम दिला होता का? डिक्कीत बेल्ट टाकून देणं आणि 'बेल्ट लावल्याशिवाय छज्ज्यावर पाय ठेवायचा नाही, काम परत आलं तरी चालेल' असं सांगणं, यात फार अंतर आहे.

इथे जरा थांबते, कारण विम्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. समजा त्यानं बेल्ट काढला असता, तर अडकवला असता कशाला? खिडकीच्या ग्रिलला? ते चार स्क्रूंवर असतं. ज्या स्टँडवर उभा होता त्याला? तोच तर निघाला. जुन्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती बघा. बोल्टभोवती गंजाचे ओघळ आलेले असतात, हातोडीनं ठोकलं की प्लास्टर पोकळ वाजतं. अशा भिंतीवर युनिटचं वजन आणि माणसाचं वजन एकदम आलं की काय होतं ते तुमच्याकडे झालंच आहे. बेल्ट डिक्कीत राहतो त्याचं एक कारण आळस असेल. पण खूपदा तो राहतो कारण तो लावून उपयोग नसतो, हे मुलाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

म्हणून बेल्ट विकत आणून भागत नाही. कमरेचा पट्टा काढून टाका. पडल्यावर त्याचा झटका कमरेत आणि पोटात बसतो. आयएस ३५२१ ची खूण असलेला, खांद्या-मांड्यांतून जाणारा पूर्ण हार्नेस घ्या, दोन हुकांचा, म्हणजे जागा बदलताना एक हुक कायम अडकलेला राहतो. दोर इमारतीच्या पक्क्या भागाला बांधायचा, शक्यतो डोक्याच्या वर. गच्चीवरून सोडता आला तर उत्तम. अशी जागाच नसेल तर ते काम शिडी-छज्ज्यावर करायचं नाही. पाळणा किंवा परांची लावून करायचं, आणि त्याचे पैसे ग्राहकाला आधी सांगायचे. उंचीवरच्या कामाचा दर वेगळा ठेवा. 'शेजारचा सातशेत करतो' म्हणणारा ग्राहक जाईल. जाऊ द्या.

नाही म्हणायचा अधिकार मात्र त्या मुलाच्या हातात हवा. मे महिन्याची दुपार, दिवसातलं सहावं काम, घरात ताप आलेलं लेकरू आणि 'दादा, आजच करून द्या हो' म्हणणारी वहिनी. अशा वेळी बावीस वर्षांचा मुलगा नाही म्हणू शकत नाही. त्याच्याऐवजी तुम्ही म्हणा. जागा बघून त्यानं स्टँडचा आणि भिंतीचा फोटो तुम्हाला पाठवायचा, आणि हो किंवा नाही तुमच्याकडून जायचं. फोटोमुळे हुकुमाची नोंदही आपोआप राहते. जोडीनं पाठवा, एकट्याला नको. पाऊस पडत असेल तर बाहेरचं काम बंद. आणि गळती तपासायला ऑक्सिजनचा सिलिंडर लावणारे महाभाग अजून दिसतात, म्हणून सांगते: ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. तिथे नायट्रोजनच लावायचा.

टाक्यांबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण मला जास्त भीती त्यांची वाटते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. मैल्याची टाकी नव्हे, पाण्याची. बंद टाकीत लोखंड गंजताना आणि तळचा गाळ कुजताना हवेतला ऑक्सिजन संपत जातो, आणि याला वासही नसतो. एरवी हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो; १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही. आधी झाकण उघडून पंख्यानं ताजी हवा आत सोडायची, मग मीटरनं मोजायचं, उतरणाऱ्याला दोर बांधायचा आणि वर एक माणूस शेवटपर्यंत उभा ठेवायचा. आतला पडला तर वरच्यानं उतरायचं नाही, दोरानं ओढायचं आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. आत ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र वापरलं तर क्लोरीन वायू होतो. डिझेलचा पंप तर आत नकोच. मीटर आणि पंखा घ्यायची तयारी नसेल तर टाक्यांची कामं सोडून द्या, असं मी स्पष्ट सांगेन.

आता विमा. एजंट म्हणाला जुना अपघात बसवून देतो, त्याला नमस्कार करून दारातूनच परत पाठवा. दवाखान्याच्या केसपेपरवर तारीख आहे, पडून आलेल्या पेशंटची पोलिसांकडे नोंद जाते, बिलं तुमच्या नावावर आहेत. पॉलिसीच्या आधीचा अपघात नंतरचा म्हणून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे, आणि सही तुमची असेल, त्याची नाही.

त्यानं सुचवलेली अपघात पॉलिसी वाईट नाही, पण तुमच्या अडचणीचं उत्तर ती नव्हे. ती ठरलेली रक्कम देते. मालकाची कायदेशीर जबाबदारी जशीच्या तशी राहते. त्या जबाबदारीसाठी वेगळी पॉलिसी असते, कर्मचारी नुकसानभरपाईची. बाजारात तिला अजून 'वर्कमन कॉम्प' किंवा 'डब्ल्यूसी' म्हणतात. हप्ता तुम्ही कळवलेल्या एकूण वेतनावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. म्हणून इथे दोन ठिकाणी लोक फसतात. हप्ता कमी यावा म्हणून सातच्या जागी चार मुलं दाखवतात किंवा पगार कमी लिहितात. नाहीतर कामाच्या वर्णनात नुसतं 'एसी सर्व्हिस' लिहून मोकळे होतात. तुम्ही 'इमारतीच्या बाहेर उंचीवर बसवणं-उतरवणं' असं शब्दांत लिहून घ्या, टाक्या ठेवणार असाल तर त्याही. उन्हाळ्यात दोन मुलं जादा घेता ती कंपनीला कळवा. उपचारखर्च काही पॉलिसींत वेगळं कलम घेतल्याशिवाय मिळत नाही, किंवा त्याला मर्यादा असते, ते विचारा. दुसऱ्या ठेकेदाराची माणसं तुमच्या कामावर येत असतील तर त्यांचंही विचारा, कारण आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्यावर त्याच्या माणसांची भरपाई येऊ शकते. हिंजवडीची कंपनी कागद मागते ती याच भीतीनं. तिला तुमच्यावर संशय आहे असं नाही.

याशिवाय त्रयस्थाच्या नुकसानीची पॉलिसी असते, पब्लिक लायबिलिटी. त्या दिवशी आउटडोअर खालच्या गाडीवर किंवा चालत्या माणसावर पडलं असतं तर ती कामाला आली असती. तिच्यात एका अपघाताची आणि वर्षाची अशा दोन मर्यादा असतात, आणि ज्या यंत्रावर तुम्ही काम करताय त्याचंच नुकसान बऱ्याचदा वगळलेलं असतं. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनांबद्दल आहे, त्याच्या नावाची पॉलिसी कुणी गळ्यात मारू नये.

दहा कर्मचारी झाले की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरावे लागतात. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराची अपघाताची भरपाई मग तिथूनच येते. सात मुलं असताना हे सक्तीचं नाही. तोवर प्रत्येकाच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूचं दोन लाखांचं संरक्षण मिळतं. पण ते त्यांचं. तुमच्या जबाबदारीतला एक रुपयाही त्यानं कमी होत नाही.

विम्याच्या आवाक्याबाहेरच्या दोन गोष्टीही माहीत असू द्या. हलगर्जीपणामुळे जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, तो कुठलीही पॉलिसी अंगावर घेत नाही. आणि कामावर येता-जातानाचा अपघात आपला नाही, असं समजू नका. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचा कामावर जाताना मृत्यू झाला होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. नोकरीशी वेळेचा आणि ठिकाणाचा संबंध दिसला तर प्रवासही कामाचाच भाग धरला जातो. तुमची मुलं दिवसभर स्कूटरवर असतात, म्हणून सांगितलं.

नात्यात व्यवहार येईल, या भीतीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत. व्यवहार आत्ताही आहे, ताई. त्याच्या कामावर तुमचं दुकान चालतं. फक्त तो लिहिलेला नाही, आणि न लिहिलेल्या व्यवहारात लहान माणूस कायम खालच्या पायरीवर उभा असतो. तो तुम्हाला काकू म्हणत राहील. पॉलिसीच्या यादीत नाव आलं म्हणून कुणी काकू म्हणायचं सोडत नाही.

मामांना बोलवा, मालकांनाही बसवा, आणि मुलगा स्वतः तिथे असू द्या; त्याच्यावतीनं सगळेच बोलतात, पत्रात त्याचं एकही वाक्य नाही. 'अपंगत्वाचा दाखला मिळाला की कायद्यानं बसेल ती रक्कम आम्ही देऊ, हप्ते लागले तर सांगू' एवढं आधी बोला. मग कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडून समझोता लिहून घेऊन तो नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवा. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हणतात. घरातल्या घरात रोख देऊन सही घेतलीत तर उद्या ते पैसे दिले असं धरलं जाईलच याची खात्री नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, नातेवाइकांच्या हातात दिलेली धरत नाहीत. तुमच्या मुलाला दावा करायला अपघातापासून दोन वर्षं असतात. ती उलटायची वाट बघू नका. दुकानात बसून पीसीबी, म्हणजे एसीतल्या सर्किट बोर्डची, दुरुस्ती शिकायची त्याची इच्छा असेल तर जरूर शिकवा, पण ते भरपाईच्या बदल्यात नको.

हिंजवडीच्या करारावर लगेच सही करू नका. नुकसान झाल्यास सगळी जबाबदारी ठेकेदाराची, असं एक कलम त्यात हमखास असतं. ते तुमच्या पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा मोठं आहे का, हे वकिलाला दाखवा. आणि त्यांच्या इमारतीत दोर कुठे बांधायचा, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.